तुलुमला जाताय? मायांच्या समुद्रकाठच्या बाजारपेठेबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टनहून कॅनकूनचं विमान दोन-सव्वादोन तासांत पोचतं. त्यामुळे थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ओळखीतलं कोणी ना कोणी तिकडे निघालेलंच असतं आणि आदल्या रात्री, बॅगा भरता भरता, मला फोन येतो: "तू दोनदा जाऊन आलीस ना तुलुमला? जरा सांग ना." त्या फोनवर जे सांगते तेच इथे लिहून ठेवलं आहे. आधी जागेबद्दल, मग व्हिसा, तिकीट, जेवण वगैरे. घाई असेल तर सरळ खाली जा, मी रागावणार नाही.

तुलुम म्हणजे नेमकं काय? देऊळ, किल्ला की शहर?

मायांचं, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या मूळच्या लोकांचं, बंदर. देवळं आहेत, तट आहे, वाड्यांची जोती आहेत, पण गाव वाढलं ते समुद्रावरच्या व्यापारामुळे. मेक्सिकोच्या किंताना रो राज्यात, कॅनकूनच्या दक्षिणेला सुमारे 130 किलोमीटरवर, 12 मीटर उंच कड्यावर ते बसलं आहे. समोर कॅरिबियन समुद्र. भरभराटीचा काळ साधारण 13 ते 15 वं शतक. तटाच्या आत मोजकी बडी मंडळी आणि पुजारी राहत असावेत. बाकीची वस्ती तटाबाहेर लाकूड-गवताच्या घरांत होती, म्हणून तिचं आज काही दिसत नाही.

'तुलुम' हे नाव मागाहून पडलेलं. युकातेक माया भाषेत त्याचा अर्थ कुंपण किंवा तट. जुनं नाव बहुधा 'झमा' होतं, म्हणजे पहाट. कडा पूर्वेकडे तोंड करून आहे, तेव्हा ते नाव का पडलं असेल हे वेगळं सांगायला नको.

तीन बाजूंनी तट आहे म्हणता, मग किल्लाच की तो?

हा प्रश्न फक्त मराठी माणसंच विचारतात! तट दिसला की आपल्याला आधी बुरूज आणि चोरदरवाजा आठवतो. तुलुमचा तट उत्तर, पश्चिम आणि दक्षिण या तीन बाजूंना आहे, चौथ्या बाजूला कडा आणि समुद्र. उंची 3 ते 5 मीटर, समुद्राला समांतर जाणारी बाजू सुमारे 400 मीटर लांब. दरवाजे पाच: उत्तरेला दोन, दक्षिणेला दोन, पश्चिमेला एक. पश्चिमेच्या दोन्ही कोपऱ्यांवर लहान चौक्या आहेत. तेव्हा संरक्षणाचा विचार नक्कीच होता.

पण तेवढ्यावर त्याला सिंधुदुर्ग समजू नका. आत कोणी राहायचं आणि बाहेर कोणी, ही रेघ आखायलाही तो तट होता असं बरेच अभ्यासक म्हणतात. दरवाजा म्हणजे जाड भिंतीतून काढलेली बोळकांडी आहे. एका वेळी एकच माणूस नीट जातो. माझी आई पुढे, मी मागे. दोन्ही बाजूंचा दगड हाताला लागत होता आणि आत चक्क गार वाटत होतं. पाठीवर ओझं घेतलेला हमाल इथून कसा जात असेल, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं: हळू, आणि पहारेकऱ्याच्या नजरेखालून. जकात घ्यायला याहून सोयीची जागा मिळणार नाही. हा माझा तर्क हं, शिलालेखात लिहिलेलं नाही.

व्यापार कसला चालायचा? आणि समुद्रावरूनच का?

मायांकडे बैल नव्हते, घोडे नव्हते, ओझ्याची गाढवं नव्हती. चाकाची गाडीही नव्हती. जमिनीवरून माल न्यायचा म्हणजे माणसाच्या पाठीवर, कपाळावरून पट्टा घेऊन. असा हमाल दिवसाला किती नेणार, आणि त्यातलं स्वतःच किती खाणार? एका झाडाच्या खोडातून कोरलेली मोठी नाव मात्र कित्येक हमालांचं ओझं एकदम उचलते, तेही वल्हवणाऱ्या थोड्या माणसांत. म्हणून युकातान द्वीपकल्पाला वळसा घालून, पश्चिमेच्या ताबास्कोपासून खाली होंडुरासपर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्याने नावांची ये-जा असे. तुलुम त्या वाटेवरचं एक ठाणं.

युकातानमधून बाहेर जाई ते मीठ, मध, मेण आणि सुती कापड. मीठ उत्तर किनाऱ्यावरच्या मिठागरांतलं. येई ते कोको, हिरवा जेड, पिसं, मध्य मेक्सिकोकडून तांब्याच्या घंटा आणि कुऱ्हाडी, आणि ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच. युकातान सगळा चुनखडीचा. ज्वालामुखी औषधालाही नाही. तुलुममध्ये मिळालेली ही काच ग्वाटेमालातल्या इश्तेपेकेची आहे, तिथून जवळपास 700 किलोमीटर दूर. तिच्या पात्याला वस्तऱ्यासारखी धार येते.

नाणं म्हणून कोकोच्या बिया चालत. पैसा झाडाला लागतो म्हटल्यावर खोटा पैसाही आलाच: रिकाम्या टरफलात माती भरून बी खपवणारे ठकसेन तेव्हाही होते. व्यापाऱ्यांचा देव एक चुआह. काळा रंग, पाठीवर गाठोडं. कोकोचा देवही तोच.

या व्यापाराचं एक चित्र कोलंबसाच्या चौथ्या सफरीत सापडतं. 1502 साली होंडुरासजवळच्या ग्वानाहा बेटापाशी त्याला एक प्रचंड नाव दिसली. गलबताएवढी लांब, आठ फूट रुंद, मध्ये ताडपत्र्यांची शाकार आणि त्याखाली बायकामुलं. वल्ही मारणारे पंचवीसेक. मालात रंगीत सुती वस्त्रं, कडेला गारगोटीची पाती बसवलेल्या लाकडी तलवारी, तांब्याच्या कुऱ्हाडी आणि घंटा. कोलंबसाचा मुलगा फर्नांदो तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता आणि सोबत होता. त्याने पुढे लिहून ठेवलं आहे की काही बिया खाली सांडल्या तेव्हा ती माणसं अशी झटकन वाकली की जणू त्यांचा डोळाच निखळून पडला. त्या 'बदामासारख्या' बिया कोकोच्या होत्या, हे स्पॅनिश लोकांना पुढे समजलं.

पण समोर खडक आणि लाटा. असल्या ठिकाणी नावा लागायच्या कशा?

किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात प्रवाळाची रांग आहे. लाटा तिच्यावर फुटतात. त्या रांगेत तुलुमसमोर एक खिंडार आहे, आणि कड्याच्या मध्ये एक छोटी पुळण. खिंडारातून आत शिरायचं आणि पुळणीवर नाव ओढून घ्यायची. तांडेलाला खिंडार चुकलं तर मात्र नाव फुटलीच.

हे मला पहिल्या फेरीत कळलं नव्हतं. दुसऱ्या वेळी आम्ही किनाऱ्यावरून एक लहान मोटारबोट घेतली. नावाड्याने रांगेजवळ इंजिन बंद केलं आणि नुसतं बोट दाखवलं. फेसाची पांढरी रेघ डावीकडून येत होती, एका जागी तुटत होती आणि पुन्हा उजवीकडे सुरू होत होती. मधल्या पट्ट्यात पाणी गडद निळं. आणि त्या पट्ट्यातून सरळ वर पाहिलं की 'कास्तियो', कड्यावरचं मुख्य देऊळ.

कास्तियोची पाठ समुद्राकडे आहे, पायऱ्या गावाकडे. त्या पाठीच्या भिंतीत बारीक खिडक्या आहेत. रात्री आत दिवे ठेवले की नावेला खिंडाराची दिशा सापडत असे, असं एक मत आहे. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मला पटतं, पण मी त्या दिवशी नावेत होते, त्यामुळे माझं मत पक्षपाती धरा. उत्तरेच्या टेकाडावर गोल जोत्याचं वायुदेवाचं देऊळ आहे, तेही समुद्रावरून लांबून ओळखू येतं.

म्हणूनच माझं एकच सांगणं असतं: जमलं तर तुलुम एकदा पाण्यावरून बघा. जमिनीवरून ते सुंदर फोटोची जागा वाटतं, पाण्यावरून बंदर वाटतं.

आत काय चुकवू नये?

भित्तिचित्रांचं देऊळ. लोक त्याच्यापुढून कास्तियोकडे धावतात, कारण फोटो तिथला हवा असतो. आत सोडत नाहीत, पण खांबांमधून आतली चित्रं थोडीफार दिसतात: काळ्या रेषा आणि निळसर-हिरवा रंग. माया निळा हा रंग नीळ आणि एक विशिष्ट पांढरी माती एकत्र तापवून करत. तो शतकानुशतकं विटत नाही. मग देवळाच्या पुढच्या कोपऱ्यापाशी जा आणि बरोबर कोपऱ्यासमोर उभे राहा. चुन्याच्या गिलाव्यातला एक मोठा चेहरा दोन भिंतींवर अर्धा-अर्धा काढलेला आहे. एका बाजूने पाहिलं तर नुसता एक डोळा आणि गाल. कोपऱ्यावरून पाहिलं की पूर्ण तोंड. माझ्या मुलीला ते आधी दिसलं, मला नाही.

उत्तर बाजूला पाण्याच्या कुंडावर बांधलेलं घर आहे. युकातानमध्ये जमिनीवर नद्या जवळपास नाहीतच, पाणी चुनखडीखालून वाहतं आणि जिथे छत कोसळतं तिथे कुंड उघडं पडतं. त्याला सेनोते म्हणतात. समुद्राकाठी गोडं पाणी हाताशी असणं, हेही इथे बंदर होण्याचं एक कारण.

कास्तियोवर चढायला बंदी आहे. उंची साधारण साडेसात मीटर, म्हणजे चिचेन इत्झा या मायांच्या दुसऱ्या प्रसिद्ध शहरातल्या पिरॅमिडच्या मानाने लहानखुरं.

तो डोकं खाली, पाय वर असलेला देव कोण?

त्याला 'उतरता देव' म्हणतात. दारावरच्या कोनाड्यात तो वरून सूर मारल्यासारखा आहे: पाय आकाशाकडे, हात खाली, अंगाला पंख. त्याचं स्वतंत्र देऊळ कास्तियोच्या शेजारी आहे. त्या देवळाच्या भिंती वर जाताना बाहेर झुकतात आणि दार वर निमुळतं होतं, त्यामुळे बघताना आपलंच डोकं फिरल्यासारखं होतं. कोणी त्याला मधमाश्यांचा देव म्हणतं, कोणी शुक्र, कोणी मावळता सूर्य. मधाचा व्यापार इथून चाले आणि मायांनी पाळलेली मधमाशी डंख नसलेली होती, आजही पाळतात. त्यामुळे मधमाशीचं मत गाइड लोकांचं फार लाडकं आहे.

तुलुम किती जुनं? एका पाटीवर इसवी सन 564 वाचलं.

ती तारीख एका कोरीव शिळेवरची आहे. शिळा आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती दुसरीकडून इथे आणून उभी केली असावी असं मानतात, कारण उभ्या असलेल्या इमारती तिच्यापेक्षा कित्येक शतकं नंतरच्या आहेत. कोबा, तिकाल ही मोठी शहरं ओसरली, त्यानंतरचं हे बंदर. बांधकाम थोडं ओबडधोबड वाटतं ते त्यामुळेच. वाकड्या भिंती जाड गिलाव्याने झाकायच्या आणि वर रंग द्यायचा, असा सगळा कारभार. व्यापाऱ्यांचं गाव, अजून काय!

स्पॅनिश आल्यावर काय झालं?

1518 साली हुआन दे ग्रिहाल्वाची जहाजं या किनाऱ्याने गेली. सोबतच्या पाद्र्याने, हुआन दीयासने, लिहिलं की इथे एवढं मोठं गाव दिसलं की सेव्हिल शहरही त्याहून मोठं किंवा सरस वाटू नये. तो बहुधा तुलुमबद्दल बोलतो आहे. थोडी अतिशयोक्ती धरूनसुद्धा, समुद्रावरून तेव्हा रंगवलेलं तुलुम कसं दिसत असेल याचा अंदाज येतो.

त्यानंतर तलवारीपेक्षा देवी आणि इतर नव्या रोगांनी जास्त माणसं मारली. समुद्राच्या वाटा तुटल्या आणि सोळावं शतक संपेपर्यंत गाव ओस पडलं. 1842 साली जॉन लॉइड स्टीफन्स आणि चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड समुद्रामार्गे इथे आले, तेव्हा सगळं रानाने गिळलं होतं. कॅथरवुडची चित्रं बघून जा, झाडं कास्तियोच्या डोक्यावर उगवलेली आहेत.

गाइड सहसा पुढचं सांगत नाहीत. 1847 मध्ये युकातानच्या मायांनी उठाव केला तो अर्धं शतक चालला. त्या काळात तुलुम हे बंडखोर मायांचं पूजास्थान होतं आणि 1870च्या दशकात तिथली सत्ता मारिया उइकाब नावाच्या बाईच्या हातात होती. लोक तिला राणी म्हणत.

म्हणजे माया लोक नष्ट झाले नाहीत?

अजिबात नाही, आणि कृपा करून तिथे कोणासमोर असं विचारू नका. 2020च्या मेक्सिकन जनगणनेत युकातेक माया बोलणारे साडेसात लाखांहून जास्त आहेत. तुमचा टॅक्सीवाला फोनवर घरी बोलताना जी भाषा बोलतो ती कान देऊन ऐका, ती स्पॅनिश नसण्याची चांगलीच शक्यता आहे.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांपैकी कोणाचा चालू व्हिसा किंवा कायम वास्तव्याचं कार्ड असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेतल्या मंडळींची गफलत इथे होते: एच-वन-बीची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची, मुदत वाढवून मिळालेली असते, कागद असतो, पण पासपोर्टमधला शिक्का संपलेला असतो. मेक्सिकोला तो शिक्का चालू हवा. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब विमानतळावरच्या काउंटरवरून घरी परतलं आहे. लहान मुलांचे पासपोर्टही उघडून बघा.

जायचं कसं आणि कधी?

कॅनकून विमानतळावरून गाडीने पावणेदोन-दोन तास. बसगाड्या चांगल्या आहेत. वाटेतल्या प्लाया देल कार्मेन गावाहून कोलेक्तिवो, म्हणजे आपल्या वडापसारख्या भरल्या की सुटणाऱ्या व्हॅन, सर्वांत स्वस्त. हमरस्त्यावर उतरलात की आत साधारण किलोमीटरभर चालावं लागतं. डिसेंबर 2023 पासून तुलुमला स्वतःचा विमानतळ आहे आणि माया रेल्वेही आली आहे, पण स्टेशन अवशेषांच्या दारात नाही, पुढे गाडी करावीच लागते.

डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ. जून ते नोव्हेंबर वादळांचा. सकाळी आठला दार उघडतं तेव्हा पहिल्या रांगेत असा. दहाच्या सुमारास कॅनकूनच्या बसगाड्या येतात आणि मग दिंडी दरवाजात खरोखरची दिंडी लागते. रविवारी स्थानिकांना प्रवेश फुकट असल्याने गर्दी दुप्पट. दुपारी साडेतीननंतर सहसा आत सोडत नाहीत.

घरी फोन करणाऱ्यांसाठी: किंताना रो भारतापेक्षा साडेदहा तास मागे, वर्षभर.

तिकीट किती?

एक आकडा सांगून उपयोग नाही, दर वर्षाला बदलतात. अवशेष आता हाग्वार उद्यानाच्या आत येतात, त्यामुळे पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं आणि उद्यानाचं वेगळं. पावत्या जपून ठेवा, पुढच्या फाटकावर पुन्हा मागतात. पेसो रोख जवळ असू द्या.

आणि रस्त्यावर गळ्यात ओळखपत्र अडकवून हात दाखवणाऱ्यांसाठी गाडी थांबवू नका. आम्ही पहिल्यांदा थांबलो. "तिकीटघर इथेच" म्हणून त्याने पार्किंग, बोट आणि प्रवेश असं एकत्र गाठोडं गळ्यात मारलं. खऱ्या खिडकीवर पोचल्यावर कळलं की प्रवेश त्यात नव्हताच. खरी खिडकी आत आहे, तिथपर्यंत कोणाशी काही बोलू नका.

आईबाबांना झेपेल का?

चढण फारशी नाही. वाटा खडीच्या, बऱ्याच सपाट. खरा त्रास उन्हाचा. तटाच्या आत सावली जवळजवळ नाही. छत्री न्या, संकोच करू नका. माझी आई आपली फुलाफुलांची छत्री घेऊन फिरत होती आणि दोन परदेशी बायकांनी तिला ती विकत मागितली. पाणी स्टीलच्या बाटलीतून न्या, फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आत नेऊ देत नाहीत.

दगडांवर मोठमोठे इग्वाना ऊन खात पडलेले असतात. काही करत नाहीत. लांब शेपटीचे कोआती मात्र पिशवीतला खाऊ ओळखतात.

समुद्रात उतरता येतं का?

कास्तियोखालची छोटी पुळण बरेचदा बंद असते. उद्यानातले लांबचे किनारे जास्त चांगले. एप्रिल ते ऑगस्टमध्ये सारगासो नावाचं तपकिरी शेवाळ ढिगाने किनाऱ्याला लागतं आणि कुजलं की वास मारतं. फोटोतलं निळंशार पाणी त्या दिवसांत मिळेलच असं नाही.

ड्रोन?

नाही. ट्रायपॉडलाही परवानगी लागते.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असते, कधी भातातही. विचारायचं: "सिन मान्तेका?" म्हणजे चरबीविना आहे का? बरोबर "सिन पोयो, सिन हामोन" जोडा, कारण कोंबडी आणि हॅम काही जण मांसात धरत नाहीत. मक्याच्या तोर्तिया, नोपाल म्हणजे निवडुंगाची भाजी, ग्वाकामोले, चाया नावाच्या पाल्याचं गार सरबत, हे सगळं बिनधास्त. संध्याकाळी गावच्या चौकात मार्केसिता मिळते, किसलेलं चीज भरलेली कुरकुरीत गुंडाळी. पिठात अंडं असतं हे आधीच सांगते.

आणि बाजारात चिकू दिसला तर घ्याच. तो मूळचा इथलाच. त्याच्या चिकातून च्युइंगमचं चिकल निघे, त्याच्या टणक लाकडाच्या तुळया मायांनी देवळांच्या दारांवर घातल्या. आपलं 'चिकू' हे नावही त्याच शब्दाच्या कुळातलं. घोलवडच्या चिकूवर वाढलेल्या माझ्या आईला हे काही केल्या पटलं नाही. तिने एक खाऊन बघितला आणि म्हणाली, "आपला जास्त गोड आहे."

एकच दिवस आहे. तुलुम की चिचेन इत्झा?

भव्यता हवी तर चिचेन इत्झा. पण एका दिवसात दोन्ही करू नका, दिवस बसमध्येच जातो. तुलुमला जोडून कोबा करा, 45 किलोमीटरवर. तिथला नोहोच मुल पिरॅमिड 42 मीटर उंच, आणि तिथून यशुनापर्यंत मायांनी बांधलेला पांढरा रस्ता 100 किलोमीटरचा.

मला विचाराल तर मी मुयीलला जाईन. दक्षिणेला थोड्याच अंतरावर, गर्दी नाही. हेही व्यापाराचंच ठिकाण, फक्त समुद्राऐवजी सरोवरावर. मागच्या रानातून लाकडी वाटेने पाण्यापर्यंत जाता येतं. तिथून सिआन काआनच्या राखीव जंगलात बोट मिळते, आणि सरोवरांना जोडणाऱ्या जुन्या कालव्यात लाइफ जॅकेट कमरेला उलटं बांधून पाण्यात सोडून देतात. हातपाय मारायचे नाहीत, प्रवाहच समुद्राच्या दिशेने नेतो. दोन्ही बाजूंना कांदळवन, पाणी काचेसारखं. याच वाटेने मिठाची आणि कोकोची गाठोडी जात होती. स्विमसूट आतून घालूनच निघा, कपडे बदलायला तिथे आडोसा फारसा नाही.